वायर एक नंबरची

नेटवर्कच्या कामात तीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या खोलीतल्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवलं होतं. बायकोला जाऊन तीन आठवडे झाले होते आणि आज ते पहिल्यांदाच कामावर आले होते.

इस्पितळाचं इंटरनेट चालवणाऱ्या राउटरला वीज पुरवणारे दोन डबे होते. दोन नंबरचा बिघडला होता; एक नंबर एकटाच सगळा भार ओढत होता. राउटर चालू ठेवूनच बिघडलेला काढायचा आणि नवा बसवायचा.

"मी करू का?" सोबतच्या टेक्निशियन बाईने विचारलं.

"अगं, माझ्या हातचा मळ आहे हा." मास्तरांनी अंगातली स्थिर वीज उतरवणारा पट्टा मनगटाला बांधला, त्याची तार राउटरच्या कपाटाच्या लोखंडाला अडकवली. मग ते मागच्या बाजूला गेले. तिथे डावं-उजवं उलटं होतं, हे तेच सगळ्यांना बजावत असत. त्यांनी डावीकडची वायर उपटली.

पंख्यांची घरघर थांबली.

"मास्तर, एक नंबरची होती ती!" बाई ओरडली.

वायर लगेच परत खोचली, तरी राउटर सुरू व्हायला सात मिनिटं गेली.

थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्यावरची नर्स खाली आली. "काय झालं होतं हो? एका आजोबांशी त्यांची मुलगी परदेशातून व्हिडिओवर बोलत होती. फोन मध्येच कट झाला. परत लागेपर्यंत आजोबा गेले."

"मशीन जुनं झालंय, सिस्टर," बाई पटकन म्हणाली.

"मशीन नाही. माझ्या हातून झालं," मास्तर म्हणाले. "मला सांगायचंय त्या मुलीला."

नर्स गेली. मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. बाईने चांगल्या डब्याच्या वायरीवर चिकटपट्टी लावली, नंबर दोनदा मोठ्याने वाचला आणि बिघडलेला डबा बदलला. मास्तरांनी मान वर केली नाही.

संध्याकाळी नर्सने मुलीला विचारून फोन लावून दिला. मास्तरांनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"बाबा विचारत होते, जेवलीस का," ती म्हणाली. "मी हो म्हटलं. ते त्यांना ऐकू गेलं का, एवढंच सांगा."

"ते मला नाही माहीत, ताई."

तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी गोदामात बदली मागितली. साहेबांनी कागदावर सही केली. कोणी अडवलं नाही.