तांडेलाची हनुवटी

“खोटं तुमीच लिवलंत, सायब. सही पण तुमचीच हाय.”

खतिजाने कागद टेबलावर आपटला आणि बोटाने मत्स्य खात्याच्या साहेबांपुढे सरकवला. बोट चालवणारा तांडेल, म्हणजे तिचा नवरा रशीद, नशेत असल्यामुळे बोट खाडीच्या तोंडाशी वाळूत चढली, असं त्यावर टाइप केलेलं होतं. ज्या माणसाने उभ्या जन्मात गुत्त्याची पायरी चढली नाही, त्याला एका ओळीने दारुडा करून टाकलं होतं. त्या ओळीपायी मालकाने बोट काढून घेतली होती. पूर्णगडच्या मशिदीत रशीदच्या खांद्याला खांदा लावून उभे राहणारेसुद्धा हल्ली वास आल्यासारखं नाक मुरडत.

रशीद भिंतीकडेच्या बाकावर बसला होता, ओठ घट्ट मिटून. दोन वर्षं झाली, चारचौघांत तो असाच बसायचा. त्या ओठांआड एकही दात नव्हता.

“भर दुपारी, शांत पाण्यात, तीस वर्षं तांडेलकी केलेला माणूस बोट वाळूत घालतो,” साहेब म्हणाले. “तुमचाच खलाशी, तो शिवा, सांगतो की याचे डोळे मिटलेले होते. आम्ही काय समजायचं?”

“शिवा बोलला, झोप लागली. नशा तुमी घातलीत. तपासलंत काय ह्यांना?”

“बाई, आवाज खाली.”

“खालीच व्हता इतके दिस. म्हणून तर हे लिवायची हिंमत झाली तुमची.”

तिने पिशवीतून चिठ्ठी काढली. रत्नागिरीतल्या दातांच्या डॉक्टर दर्शना मॅडमनी दिलेली. दात गेले की जबड्याचा टेकू जातो. झोपेत जबडा मागे सरतो, जीभ घशावर पडते, श्वास अडतो. माणूस रात्रभर पडलेला असतो, पण झोपलेला नसतो. मग दिवसा कुठेही डोळा लागतो. त्यांनी हे तिला तीनदा समजावलं होतं आणि झोपेची तपासणी तातडीने करा, असंही लिहिलं होतं.

साहेबांनी चिठ्ठी न उलगडताच परत सरकवली. “आमच्या फॉर्मात झोपेचा रकाना नाही.”

दात कुठे गेले ते मात्र त्यांच्या डोक्यावरची भिंतच सांगत होती. तिथे चौकटीत फोटो होता: मच्छीमारांसाठी मोफत दंतशिबिर, फीत कापताना साहेब. मासेमारीच्या पावसाळी बंदीचे दिवस होते. रशीदचे चार दात किडलेले. शिबिरातले म्हणाले, बाकीचेही हलतायत, सगळेच काढू, सहा महिन्यांत कवळी फुकट. दर्यावर दात ठणकला तर चार दिवस मिठाच्या गुळण्या करत बसायचं. म्हणून हंगामाआधी बोटीची डागडुजी करतात तशी तोंडाचीही करून घ्यावी, असं खतिजालाच वाटलं. तिनेच त्याला रांगेत उभं केलं होतं. कवळीसाठी तिने याच कचेरीत किती खेपा घातल्या! दर वेळी उत्तर एकच, यादी वर गेलीय. वर म्हणजे कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

रात्री ती त्याची हनुवटी हाताने उचलून धरायची. एकदा हात भरून आला म्हणून ओढणीने बांधली, तर त्याने ती ओढून फेकली. “मय्यताची हनवट बांधतात गो. मी जिवंत हाय अजून.”

“घोरतो तर मीही,” साहेब आता हसत म्हणाले. “पण आमची बायको नाही गेली कुठे तक्रार घेऊन.”

शिपाई गंगाराम खो खो हसला. तेवढ्यात बाकावरूनही घोरण्याचा आवाज आला. रशीदची मान छातीवर पडली होती, तोंड उघडं.

“घ्या! सकाळी साडेअकराला!” गंगाराम म्हणाला.

आणि घोरणं थांबलं.

पंख्याची कुरकुर तेवढी राहिली. रशीदची छाती हलत नव्हती. गंगारामचं हसू तोंडातच अडकलं. साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

“अहो... अहो, हलवा त्यांना!”

खतिजा मध्ये उभी राहिली. “हात नका लावू. मोजा.”

“काय मोजा? माणूस जाईल!”

“दम परत येईपर्यंत मी दोन वर्षं रोज मोजतंय. आज तुमी मोजा.”

साहेबांचे ओठ हलू लागले. बऱ्याच वेळाने रशीदच्या घशातून, बुडता माणूस वर यावा तसा, आवाज फुटला आणि तो दचकून जागा झाला. आधी त्याने तळव्याने तोंड झाकलं. मग सगळ्यांचे चेहरे पाहिले. हात हळूच खाली घेतला आणि खतिजाकडे हनुवटी वर केली.

तिने ओढणी काढली, त्याच्या जबड्याखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली. भर कचेरीत. तो हलला नाही.

“तांडेलकी मागायला नाय आलंय मी,” ती वळून म्हणाली. “असल्या झोपेच्या माणसाकडे सुकाणू मीपण देणार नाय. पण दारू खोडा. आणि कवळी कुठं अडलीय ते लिवून द्या.”

साहेबांनी पेन उचललं, पण ते कागदाला टेकेना.

“किती झाले, सायब? तुमी मोजलंत. मोठ्यानं सांगा, किती झाले?”