काळी चार

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये एकशे चाळीस माणसं जमली होती. चर्च साठ माणसांचं आहे. उरलेली ऐंशी माणसं खिडक्यांच्या गजांना धरून, दाराच्या चौकटीला टेकून आणि एकमेकांच्या पायांवर उभी होती. शेलूबाजारहून जीप भरभरून आली होती आणि जीपवाला स्वतःसुद्धा गुडघे दाखवायला आत शिरला होता.

समोर ब्रदर करण उभे होते, दुखणी बरी करायच्या तीन दिवसांच्या सभेसाठी बाहेरून आलेले. पांढरा सूट, पांढरे बूट आणि डोळ्यांवर चार पदरी पांढरी पट्टी. आमच्या रस्त्याची धूळ पाहता ते बूट पांढरे राहिले हाच पहिला चमत्कार आहे, असं मी शेजारच्याला म्हणालो. तो म्हणाला, "सर, चूप बसा ना."

मी इंद्रभान. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. या चर्चमध्ये सव्वीस वर्षं हार्मोनियम वाजवतो. त्या दिवशी मात्र माझी पेटी कोपऱ्यात चादरीखाली झाकलेली होती, कारण ब्रदरांनी आपली पेटी आणि आपला वाजवणारा, अमरदीप, सोबत आणला होता. त्यामुळे पुढे मी जे काही बोललो ते जळफळाटातून बोललो, असं गावात म्हणतात. थोडा जळफळाट होताच, तो मी नाकारत नाही.

चमत्कार असा होता. दारातच ब्रदरांची बहीण रीता बसायची. ज्याला जे दुखणं असेल ते ती चिठ्ठीवर लिहून घ्यायची आणि चिठ्ठी कुलूपबंद डब्यात टाकायची. डब्याची किल्ली आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे पंच, नानाजी यांच्या करगोट्याला. मग रीता एकेकाला पुढे उभं करायची आणि अमरदीपच्या कानात गीताचा नंबर सांगायची. एक गीत व्हायचं. गीत संपलं की डोळे बांधलेले ब्रदर हात वर करून थरथरायचे आणि समोरच्याचं दुखणं अचूक सांगायचे. डबा शेवटपर्यंत बंद.

"आग! आग उतरते आहे!" ब्रदर ओरडायचे. "दासाला दिसतं आहे! माझ्या लेकरा, तुझ्या पोटात खडा आहे! हालेलुया म्हणा! मोठ्यानं म्हणा, खडा बहिरा आहे!"

खडा निघायचा. म्हणजे चिठ्ठीत तो लिहिलेला निघायचा. पोटातला निघाला की नाही ते पाहायला कोणी थांबत नव्हतं.

सातव्या नंबरला योगिनी उभी राहिली. वय बारा, दोन वेण्या, सातवीत. आमच्याकडे गाणं धरून देणाऱ्या धनीबाईंची ती नात. दोन वर्षांपूर्वी ही पोरगी शाळेत बेशुद्ध पडली आणि वाशीमच्या दवाखान्यात चार दिवस तशीच होती. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की इंजेक्शन रोज लागेल, जन्मभर लागेल, आणि दोनतीन दिवस बंद झालं तर पोरगी हातची जाईल. तेव्हापासून तिची आई सुकेशनी तिला दिवसातून चार वेळा टोचते. औषध आत गेल्यावर सुई दहा सेकंद तशीच धरायची असते. घरात घड्याळ नाही, म्हणून धनीबाई तेवढा वेळ गीताची एक ओळ म्हणतात: "थकल्या पावलांनो, या, सावली येथे आहे." ओळ संपली की सुई बाहेर.

गीत झालं. ब्रदर थरथरले.

"साखर! माझ्या लेकरा, सैतानानं तुझ्या रक्तात साखर कारखाना टाकला आहे! दास तो आज बंद करतो!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण सुई हा अविश्वास आहे. एका हातात प्रभू आणि दुसऱ्या हातात सुई, असं चालणार नाही. रविवारी सगळ्या बाटल्या घेऊन ये. या पायरीवर फोड. त्यानंतर सुई नाही."

सुकेशनी तिथंच गुडघ्यांवर बसली आणि रडू लागली. मंडळी "आमेन" म्हणाली. मी म्हणालो नाही, पण माझा आवाज तसाही बारीक आहे.

रात्रीचं जेवण सोडून मी तिच्याकडे गेलो. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या चार बाटल्या माठाशेजारी होत्या.

"सुकेशनी, पोरगी जाईल," मी म्हणालो.

"सर, दोन वर्सं झाले. दिवसातून चार येळा टोचतो मी तिले. पोटावर जागा नाई राह्यली. तुमाले टोचा लागते काय?"

"नाही लागत. तरी सांगतो."

"मंग मले एक सांगा. त्याचे डोये बांधले होते. डबा बंद होता. त्याले कोनं सांगतलं साखर हाय म्हनून?"

चौतीस वर्षं मी पोरांना 'का?' विचारायला शिकवलं, आणि आता तोच प्रश्न माझ्यावर उलटला होता. चर्चच्या पाळकांना फोन लावला. त्यांच्याकडे चार गावांच्या मंडळ्या, ते मानोऱ्याच्या पलीकडे एका लग्नात होते. म्हणाले, प्रार्थना करा, सोमवारी येतो. सोमवारपर्यंत उशीर झाला असता.

शनिवारी सकाळी धनीबाई मिठाच्या पाण्यानं गुळण्या करताना दिसल्या. त्यांना लिहितावाचता येत नाही. म्हणूनच दोनशे दहा गीतं तोंडपाठ आहेत. पहिली ओळ त्या धरतात आणि मंडळी त्यांच्या मागे जाते. पेटीसुद्धा त्यांच्याच मागे जाते. कारण त्या फक्त काळी चारमध्ये गातात, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, आणि मलाही तेवढंच वाजवता येतं.

"सर," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "त्या अमरदीपची पेटी बिगडली काय?"

"नवी कोरी आहे. काहून?"

"मंग तो दर गान्याले पट्टी काहून बदलते? एक गानं खाली, दुसरं पार आढ्याले. माह्या गयाचं वाटोळं झालं. अन् दर येळी आधी तोच एक सूर दाबते, मंग पट्टी बदलाचा खटका सरकवते, अन् मंग भलत्याच पट्टीत सुरू. योगिनीच्या गान्याले पांढरी चार होती. त्या जीपवाल्याच्या गुडघ्याले पांढरी एक. आपल्या रुखमाबाईच्या गुडघ्यालेबी पांढरी एकच."

मी खाली बसलो.

"धनीबाई, पुन्हा सांगा."

"काय सांगू? गुडघ्याले पांढरी एक."

त्या संध्याकाळी मी चर्चमध्ये खिडकीजवळ वही घेऊन बसलो. लोकांना वाटलं, सर सुधारले, बायबलचं वचन उतरवून घेऊन राह्यले. धनीबाई गाता गाता बोटांनी पट्टी सांगत होत्या आणि ब्रदर दुखणं सांगत होते. मी दोन्ही लिहीत होतो. तेवीस माणसं झाली. सगळे गुडघे पांढरी एकवर. पोट पांढरी दोनवर. बीपी काळी दोनवर. जमत नसलेली लग्नं पांढरी तीनवर, साखर पांढरी चारवर, कोर्टकचेरी पांढरी पाचवर. दारू काळी चारवर. तेविसात एकही चूक नाही. पेटीच्या एका सप्तकात बारा सूर असतात, आणि आपल्या तालुक्याची दुःखं तेवढ्यात आरामात बसतात.

चिठ्ठी रीता लिहिते. रीता गीताच्या नंबराच्या नावाखाली अमरदीपच्या कानात दुखणं सांगते. अमरदीप ओळखीचा एक सूर देऊन दुखण्याची पट्टी धरतो. पट्टी कोणती ते ब्रदर ऐकतात. डब्याला कोणी हात लावायची गरजच नाही. सगळं सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात चाललं होतं आणि आम्ही एकशे चाळीस माणसं त्यात कोरस देत होतो.

मी वही घेऊन सुकेशनीकडे निघालो, तर धनीबाईंनी अडवलं.

"वही पाहून नाई मानन ते. तुमची पेटी झाकली म्हनून जळून राह्यले म्हनन. अन् मीबी काल आमेन म्हनली होती, सर. माह्याच नातीसाठी." त्यांनी माझ्या हातातली वही मिटली. "एक कळत नाई मले. देवाले माह्या नातीचं दुखनं सांगाले पट्ट्या कायले लागते? मी काळी चारमधी गायली, तरी त्याले आजपर्यंत ऐकू येतच होतं."

मग त्यांनी काय करायचं ते ठरवलं. मी फक्त मान हलवली.

रविवारी दोनशे माणसं होती. पायरीवर एक पाटा मांडलेला होता, बाटल्या फोडायला. सुकेशनी बाटल्यांचा डबा मांडीवर घेऊन पहिल्या चटईवर बसली होती. सकाळचं इंजेक्शन तिनं दिलं होतं, शेवटचं म्हणून.

ब्रदरांनी डोळ्यांवर पट्टी बांधली. पहिले नानाजी उभे राहिले, गुडघ्यांसाठी. रीता वाकली, अमरदीपनं आपला सूर दाबला आणि खटक्याला हात घातला. त्याच क्षणी धनीबाईंनी बसल्या जागेवरून गीत उचललं, काळी चारमध्ये. अख्खी मंडळी त्यांच्या मागे गेली. चाळीस वर्षांची सवय आहे, पेटी काय म्हणते ते कोण ऐकतं! अमरदीपनं पांढरी एक जोरात दाबून धरली, पण दोनशे गळ्यांपुढे ती गोठ्यातल्या डासासारखी गुणगुणत राहिली.

गीत संपलं. ब्रदर थरथरले.

"दारू! माझ्या लेकरा, रोज सांजेला तुझे पाय गुत्त्याकडे वळतात! घरी तुझी बायको रडते!"

माझ्या मनात आलं, सापडला. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं रुखमाबाईंनी हंबरडा फोडला. रुखमाबाई नानाजींच्या पत्नी. नानाजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. मंडळीचे वडील नानाजी गेली अकरा वर्षं मंगरूळपीरला 'सरकारी कामाला' जात होते, ते काम काय होतं ते आत्ता कळलं.

"बाप्पा! गुडघ्याचं सांगाले गेलते, अन् यानं मनातलं काढलं!" कोणीतरी ओरडलं. "आमेन" इतक्या जोरात झालं की पत्र्यावरची कबुतरं उडाली. योगायोग नावाची गोष्ट मी पोरांना शिकवली होती. ती अशी वेळ पाहून येते, हे पुस्तकात नव्हतं.

सुकेशनी डबा घेऊन उठली.

धनीबाई तिच्याआधी उठल्या. योगिनीचा नंबर शेवटी होता. धनीबाईंनी नातीचा हात धरून तिला सरळ ब्रदरांपुढे उभं केलं. रीतानं अमरदीपला कोपर मारलं. धनीबाईंचा गळा फाटलेला होता, सूर घोगरा निघाला. पण निघाला काळी चारमध्येच. "थकल्या पावलांनो, या..."

मंडळी गायली. योगिनीही गायली. तिला ती ओळ सगळ्यांपेक्षा चांगली येते.

ब्रदर मघाच्या यशानं चढलेले होते. दोन्ही हात वर करून ते गरजले, "पुन्हा दारू! माझ्या लेकरा, तूसुद्धा? कालच तू देशी पिऊन नालीत पडला होतास! बायकोच्या अंगावर हात टाकलास! दास सगळं पाहतो आहे!"

कोणी आमेन म्हणालं नाही.

"बोल, माझ्या लेकरा! कबूल कर! कधीपासून पितोस?"

"मी सातवीत आहे," योगिनी म्हणाली.

ब्रदरांनी डोळ्यांवरची पट्टी वर सरकवली. समोर दोन वेण्या. त्यांनी अमरदीपकडे पाहिलं, अमरदीपनं पेटीकडे पाहिलं. पेटीनं कोणाकडेच पाहिलं नाही.

"शुक्रवारी तुमाले हिची साखर दिसली होती," सुकेशनी हळू आवाजात म्हणाली. "आज कुठी गेली?"

"शत्रू... शत्रू गोंधळ घालतो आहे," ब्रदर म्हणाले.

"शत्रू नाई, मी हाय," धनीबाई म्हणाल्या. "मी काळी चार धरली. काळी चारले तुमच्या इथं दारू असते. पांढरी चार धरू काय? मंग साखर निंघन."

मी कोपऱ्यातली चादर काढली, माझी पेटी समोर आणली आणि वही वाचली. एकेक पट्टी वाजवायचो आणि लोकच दुखणं सांगायचे. पांढरी एक वाजवली तर जीपवाला आपोआप गुडघ्याला हात लावून मोकळा झाला. मग मी ब्रदरांना विनंती केली की पुन्हा डोळे बांधा, या वेळी मी वाजवतो. ब्रदरांना तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला. तो घ्यायला ते बाहेर गेले. मागोमाग रीता गेली आणि पेटी उचलून अमरदीप. हल्ली ते दुसऱ्या जिल्ह्यात असतात असं ऐकतो. बूट अजून पांढरेच आहेत म्हणे.

नानाजींची दारू खरंच सुटली. ती ब्रदरांमुळे सुटली असं ते अजून सांगतात. दोनशे माणसांत आणि बायकोसमोर उघडं पडल्यावर बऱ्याच जणांची सुटेल, असं मी त्यांना सांगून पाहिलं. ते मानत नाहीत. गुडघे दुखतातच.

मी दर रविवारी पेटी वाजवतो. देवाशी माझं भांडण नाही. पण आपलं दुखणं आपण स्वतःच दारात लिहून देतो आणि तेच आत कोणी वाचून दाखवलं की पाया पडतो, एवढं तरी आपल्याला दिसायला हवं. कोणी डोळे बांधून काही सांगितलं तर आपले उघडे ठेवावेत. त्याला कसं कळलं, हे विचारावं. सुकेशनीनं पहिल्याच दिवशी तेच विचारलं होतं. तिचा प्रश्न बरोबर होता, फक्त उत्तर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आणि जो औषध बंद कर म्हणतो, त्याला आधी दाराबाहेर काढावं, प्रश्न मग विचारावेत.

त्या रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी होतो. सुकेशनीनं डबा उघडला आणि चारही बाटल्या फडक्यावर मांडून नीट पाहिल्या. मग एकीतून औषध भरलं. या वेळी योगिनीनंच सुई धरली.

"आजी, म्हन ना."

धनीबाईंच्या गळ्यातून आवाजच निघेना. त्यांनी दोनदा खाकरून पाहिलं. मग सुकेशनीनं ओळ धरली, कुठल्याच पट्टीत नाही, बेसूर. रडत रडत तिनं ती शेवटपर्यंत म्हटली.

ओळ संपली. योगिनीनं सुई बाहेर काढली आणि जेवायला वाढ म्हणाली.