वॉरंटीतली लाल गाडी

मी केतनची लाल स्पोर्ट्स कार बोलतेय. दारं दोनच, बूड जमिनीला टेकल्यासारखं आणि स्वभाव संशयी. हातात पाना घेऊन गोड बोलणाऱ्या माणसावर माझा काडीचा विश्वास नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हाच माझ्या गिअरबॉक्समध्ये खोट होती. दुसऱ्या गिअरला मी हिसका द्यायचे. वॉरंटी चालू असल्यामुळे कंपनीने ते फुकट दुरुस्त केलं असतं, पण कुणी दाखवायला तर हवं!

केतनचं घर पेझारीजवळ. घरची मिठागरं गेली, आता अंगणात ट्रक उभे असतात. ट्रकवाले नुसता सांगाडा विकत घेतात आणि बॉडी बाहेर बांधून घेतात. त्यामुळे केतनचे वडील, नामाशेठ, मला पाहून पहिल्याच दिवशी म्हणाले, "हिला अजून काय काय बसवायचं हाय?" मी पूर्ण आहे हे त्या घरात कुणाला पटेचना.

हिसका ओळखला तो केतनच्या बायकोने, अमिषाने. चौलला माहेरी जाताना ती म्हणाली, "ही मधेच धक्का देते. आधी शोरूमला दाखवूया." केतन हसला. माझ्यात नवं काही बसवू द्यायचं नाही म्हणून ही बहाणे करतेय, असं त्याला वाटलं.

मग कमलेशचं गॅरेज. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, रुंद चाकं की इंजिनच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग, यावर बराच काथ्याकूट झाला. सायलेन्सर नि चाकं निदान परत काढता आली असती. पण नामाशेठनी ट्रकच्या धंद्यातलं शहाणपण पाजळलं. "पोरा, नाक्यावर जे दिसतं तेच पकरतान. जे दिसत नाय, त्याला कोन हात लावतंय?"

झालं! ट्यूनिंग ठरलं.

"ट्यूनिंग दिसलं तर वॉरंटी जाते. शोरूमला न्यायच्या आधी माझ्याकडे आन, कॉम्प्युटरमधलं जुनं सेटिंग परत टाकून देतो," कमलेश म्हणाला. "कंपनीच्या बापाला पन कळनार नाय." मला त्याचं हसू तेव्हाच खटकलं होतं.

माझा जोर वाढला. केतन हवेत होता आणि मी आतून झिजत होते. शेवटी कार्ले खिंडीच्या चढावर गिअरबॉक्सने मान टाकली. कमलेशने घाईघाईने जुनं परत टाकलं. शोरूमला माझ्याबरोबर केतनने अमिषाला पाठवलं. "बाईमाणसाला जास्त विचारत नाय," म्हणे.

तिला खरंच कुणी काही विचारलं नाही. तिथल्या माणसाने माझ्यात एक वायर जोडली आणि मी सगळं ओकले. माझ्यात लिहिलेलं पुसलं, तरी पुसल्याची खूण राहते. संध्याकाळी केतनला फोन आला: गाडीत ट्यूनिंग केलेलं आहे, गिअरबॉक्सची वॉरंटी मिळणार नाही.

"मी सगळं पुसलेलं," कमलेशने हात झटकले. "कुनी सांगितल्याशिवाय कळूच शकत नाय."

केतन घरी येऊन अमिषावर उखडला. "तूच सांगलंस ना त्यांना? तुला पहिल्यापासून नकोच होतं."

"आईशपथ, मी तोंड पन उघडलं नाय," ती म्हणाली. त्याने मान फिरवली.

आता मी ट्रकांच्या मागे ताडपत्रीखाली उभी आहे. अमिषा एसटीने चौलला निघून गेली, ती अजून आलेली नाही. केतन कधीतरी येऊन माझ्यात बसतो, मोबाइलवर तिचा नंबर काढतो आणि तसाच बघत राहतो.

अरे केतन, सगळ्यांवर संशय घेण्यात माझा जन्म गेला, पण त्या पोरीवर मी कधी घेतला नाही. सांगितलं ते मी. फोन लाव रे तिला.