मक्यातला मुका डबा

मी डबा बोलतोय. भाकरीचा नव्हे, पांढरा, प्लास्टिकचा, डोक्यावर बोटभर अँटेना असलेला. डोणगावजवळ गोजरबाईंच्या वावरात मला एका खांबाला बांधलंय. जमिनीतला ओलावा मोजायचा आणि तो त्यांच्या गच्चीवरच्या मोठ्या डब्याला बिनतारी कळवायचा, एवढंच माझं काम. तेवढंही मला धड जमलं नाही.

मला घडवलं पुष्पांजलीनं. गोजरबाईंच्या भावाची लेक, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. वावरातल्या डब्यांनी तारेवाचून एकमेकांशी कसं बोलावं, यातच तिची सारी वर्षं गेली.

माझी चाचणी तिनं मे महिन्यात घेतली. कॉलेजातली माणसं वावरात येतात ती सुट्टी लागल्यावरच! वावर नांगरून मोकळं पडलेलं. माझा एकूण एक निरोप गच्चीवर पोचला. काय ऐट होती माझी! तिनं त्यावर शोधनिबंध लिहिला, तो एका मोठ्या परिषदेनं स्वीकारलाही. आत्याला तिनं सांगून टाकलं, गच्चीवरच्या डब्याकडून मोबाइलवर निरोप आला की पाणी द्यायचं, बाकी चिंता सोड.

मग मका पेरला. तो माझ्या डोक्यावर गेला आणि माझं बोलणं खुंटलं. ती रसरशीत हिरवी पानं माझ्या लहरी वाटेतच गिळायची. मका ऐन तुऱ्यावर आला आणि पावसानं दडी मारली. 'ओलावा कमी, पाणी द्या' म्हणून ओरडून ओरडून मी बॅटरी निम्मी केली. गच्चीवर काही पोचलं नाही.

विहिरीला पाणी होतं, मोटारही ठणठणीत होती. शेजारचे रंगराव सांगून गेले, पानं वळली, पाणी सोडा. गोजरबाई म्हणाल्या, पुष्पाचा डबा सांगेल तेव्हाच. इतका भरवसा माझ्यावर ठेवायचा नव्हता हो.

कापणीला पुष्पांजली आली. कणसं सोलून पाहिली, तर निम्मे दाणे भरलेच नव्हते.

"मंग पाणी काऊन नाही देलं आत्या?"

"तुह्या डब्ब्याचा निरोपच नाही आला न बाई."

ती वावराच्या कडेला, धुऱ्यावरच बसली. मला तर त्याच मातीत गडप व्हावंसं वाटलं. उलट गोजरबाईच तिची समजूत काढत राहिल्या, पाऊसच नव्हता, त्याला तू काय करशील म्हणून. तिनं तिथूनच तिच्या विभागातल्या राजकुमार सरांना फोन लावला, निबंध मागे घेते म्हणाली. त्यांचं म्हणणं, आकडे काही खोटे नाहीत.

"खरेच आहेत सर. पण ते रिकाम्या वावराचे आहेत."

आता मका निघालाय आणि माझा गळा मोकळा झालाय. आज सकाळी गोजरबाई धसकटं वेचत होत्या. मोबाइल वाजला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला, 'ओलावा कमी, पाणी द्या', आणि माझ्याकडे पाहिलं.

"हाव बापा," त्या म्हणाल्या, "आला निरोप."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुष्पांजली, येशील तेव्हा आधी माझी बॅटरी काढ. त्या बाईंना पुन्हा पाणी द्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही.