कॉलर हलत नाही

बाळ पाच आठवड्यांचं झालं होतं आणि घरात तिच्याशी दोन शब्द बोलायला चिटपाखरू नव्हतं. नवरा दौऱ्यावर, आईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. ही वनखात्यातली. माळावरून कधीच नाहीसे झालेले लांडगे परत आणून सोडले, तेव्हा लांडगिणीच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारी कॉलर हिनेच बांधली होती. आता बाळंतपणाची रजा. पण सवय जाते थोडीच! पाजता पाजता मोबाइलवर त्या कॉलरचा ठिपका बघत बसायची.

मंगळवारी दुपारी साहेबांचा फोन.

"तुझी लांडगीण गेली गं. कॉलर सकाळपासून हलत नाही. बघायला निघालोय आम्ही."

कॉलर आठ तास हलली नाही, की यंत्र जनावर मेलं असं कळवून मोकळं होतं. ज्या शहाण्याने ते बनवलं, त्याने कधी बाळंतीण बघितली नसावी.

तीही सकाळपासून खुर्चीतच होती. हात बधिर झालेला, चहाचं पार पाणी झालेलं, पण बाळ छातीवर झोपलेलं. हलायची सोय नव्हती.

"अहो, थांबा!" ती ओरडली, तसं बाळाने भोकाड पसरलं. "मेली नाहीये, व्यालीय ती! बिळाशी माणूस दिसलं तर पिल्लं घेऊन पळेल. एवढीशी पिल्लं, जगायची नाहीत. दोन दिवस कुणी फिरकू नका."

"आणि कुणी विष घातलं असेल तर? पुरावा कुजेल."

"जबाबदारी माझ्या नावावर लिहा!"

दोन दिवस तिचा जीव टांगणीला लागला. ठिपका ढिम्म. आपल्या हट्टापायी लांडगीण तिथे मरून पडली असेल, या विचाराने घास उतरेना. गुरुवारी सकाळी ठिपका ओढ्यापर्यंत गेला आणि अर्ध्या तासात परत आला. ती एकटीच हसली, मग ढसाढसा रडली.

"मानलं बाई तुला!" फोनवर साहेब खुशीत होते, मागे ऑफिसात नुसता गलका. "बाळंतिणीला त्रास द्यायचा नाही, एवढं आम्हालाही कळतं हं. तुझ्याकडे यायचं म्हणून सगळे पाच आठवडे मागे लागलेत. मीच दटावून ठेवलंय."

आणि ती समजत होती, सगळे आपल्याला विसरले.

"साहेब," ती घाईघाईने म्हणाली, "मी लांडगीण नाहीये हो. या ना. आजच या."