सखूची सवत

कोयता उगारलेला हात सुरजने तसाच धरून ठेवला आणि कौलांवरून खाली वाकून विचारलं, "आये, मारू का?"

"मला काय इचारतोस? वर तू चढलायस."

"तू म्हण, मंग मारतो."

अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या सखूने सुपातून मान वर केली नाही. सकाळपासून हेच चाललं होतं. सुरज शिडी लावून चढायचा, मधुमालतीच्या मनगटाएवढ्या फांदीशी कोयता न्यायचा आणि आईला विचारायचा. आई 'मार' म्हणायची नाही, 'नको'ही म्हणायची नाही. मग पोरगा चहा प्यायला खाली उतरायचा. दिवाळी आठवड्यावर आली होती, नवे पत्रे अंगणात येऊन पडले होते आणि मायलेकांचं घोडं त्या वेलीशी अडलं होतं.

सखूच्या दारात वेल आहे, असं माले गावात कुणी म्हणत नसे. सखूचं घर वेलीत आहे, असं म्हणत. पाहुण्याला पत्ता सांगायला ते बरं पडे, पण आत राहणाऱ्याला विचारा! वेलीने कौलं उचलून टाकली होती, वाशांत बोटं खुपसली होती, भिंतीच्या माथ्याला फट पाडली होती. यंदाच्या पावसात सखूने चुलीभोवती पातेली मांडून भाकऱ्या थापल्या. श्रावणात तर वरून धामण पडली, ती थेट पिठाच्या डब्यावर. धामण बिनविषारी हे खरं, पण बाळंतपणाला माहेरी, जांब्याला गेलेल्या सुनेला ते कुणी पटवायचं? शीतल फोनवर सरळच बोलली होती, "आत्या, राग मानू नका. पर वरून जनावर पडतंय तितं पोरगीला कुटं निजवू? छप्पर झालं की येते."

नातीचं तोंड सखूने एकदाच, जांब्याला जाऊन पाहिलं होतं. तिचं सारं चित्त तिकडे होतं. आणि तरी तोंडातून 'मार' निघत नव्हतं, कारण ही वेल म्हणजे नुसती वेल नव्हती. कावळ्यासमोर दिलेला शब्द होता.

सखूचा नवरा हनुमंत पंपाचा मिस्त्री. कुणाच्या विहिरीतली मोटर जळो, नदीवरचा पंप पाणी ओढेनासा होवो, हनुमंताला हाक जायची. एका उन्हाळ्यात छातीत कळ आली आणि तासाभरात माणूस गेला. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. ऊन चढलं, लोकांची चुळबुळ सुरू झाली. मेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय म्हटल्यावर एकेक जण पुढे होऊन बोलू लागला. पोराचं लग्न करू, म्हणाले. खाचर पडीक ठेवणार न्हाई, म्हणाले. सुरज रडत रडत म्हणाला, "आयेला नीट सांभाळीन." कावळे ढिम्म. शेवटी हनुमंताचा धाकटा भाऊ भिवाजी हात जोडून म्हणाला, "दादा, दारातली येल कुनी तोडणार न्हाई. शब्द देतो." आणि खरोखर, ते वाक्य संपतंय न संपतंय तोच कावळा झेपावला.

सगळे सुटले. सखू मात्र अडकली ती तेव्हापासून. बायकोला सांभाळतो म्हटलं तर याचा जीव हलत नाही, आणि वेलीचं नाव काढल्याबरोबर पिंडाला चोच! आळीतल्या बायकांनी थट्टाही केली. "सखे, सवत ठेवून गेला गं तुला." सखू वरवर हसली आणि आत जळाली. जळून करते काय? शब्द तो शब्द. दर उन्हाळ्यात तिने सवतीला हंड्याने पाणी घातलं. संध्याकाळी पांढरी उमलून दुसऱ्या दिवशी गुलाबी न् लाल होणारी तिची फुलं रोज दारातून झाडून काढली, आणि झाडताना रोज दोन शिव्याही घातल्या.

गंमत म्हणजे सवत घरात आणली होती तिनेच. लग्न झाल्या वर्षी ती भूगावला एका बंगल्याच्या बांधकामावर मजुरीला जायची. शेजारच्या बंगल्याच्या कमानीवर ही फुललेली. सुटीच्या वेळेला असा वास सुटायचा की डोक्यावरची पाटी उतरवल्यावरही सखू तिथेच घुटमळायची. एक दिवस तिथल्या माळ्याकडून तिने एक काटकी मागून घेतली, ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि दाराशी खोचली. हनुमंत हसला होता. "हितं काय बंगला हाय व्हय?" पण दुसऱ्या दिवशी त्यानेच पंपाचा मोडका पाइप आणून तिथे रोवला. पुढे वेल वाढली आणि नवरा शिडीवर दिसू लागला. फांद्या बांध, छाट, कौलं सारखी कर. तासच्या तास. सखूला वाटायचं, इतका वेळ हा आपल्याशी कधी बोलला नाही.

दुपारी भिवाजी आला. सुरजनेच बोलावलं होतं. शब्द काकाचा, तेव्हा तो काकानेच सोडवावा, असा त्याचा हिशेब. भिवाजीने पायरीवर बसून तंबाखू मळली, वर बघितलं, पत्र्यांकडे बघितलं.

"मंग? काय म्हंता, वैनी?"

"मी काय म्हननार? तुमच्या दादाची लाडकी. तुमी शब्द दिलाय."

"दादाची लाडकी?" भिवाजीचा हात तळव्यावरच थांबला. "अवो, ह्या येलीला दादा जेवडा शिव्या घालायचा तेवडा जळक्या मोटरलाबी घालत न्हवता."

"काय तरीच काय!"

"खोटं कशाला बोलू? दर उन्हाळ्यात शिडीवरनं उतरला की माज्याकडं यायचा. म्हनायचा, भिवा, हिनं माजी कौलं खाल्ली रं. मी म्हटलं, काढून टाक की. तर म्हनला, काढू कशी? लगीन झाल्यापास्नं तिनं माज्याकडं काय मागितलं न्हाई. येवडी एक काटकी हौसेनं आनून लावली. ती तरी राहू दे."

सखूच्या हातातलं सूप कलंडलं. तांदूळ मातीत सांडले तरी तिला भान नव्हतं.

"आन् मग कावळा?" ती म्हणाली. "पोरगा मला सांभाळीन म्हनला, तवा का न्हाई हालला?"

"पोरगा सांभाळनार ह्याची खात्रीच व्हती त्याला. तुमची हौस कोन सांभाळंल, ह्याचा घोर व्हता. मला ठावं व्हतं म्हनून तर बोललो."

"इतकी वर्सं सांगितलं का न्हाई, भावजी?"

"घ्या! मला काय ठावं, तुमाला म्हाईत न्हाई ते? नवरा-बायकोतलं, मी कशाला मधी बोलू?"

सखू रडली. धाय मोकलून नाही, पदर तोंडाला लावून, बराच वेळ. ज्याच्यावर वर्षानुवर्षं मनातल्या मनात रुसली, तो माणूस कौलं मोडून घेत होता ती तिच्यासाठी. आणि ते सांगण्याइतकं त्याला कधी बोलता आलं नाही. सुरज शिडीवर अर्ध्यात लटकून राहिला होता. आई आता नाहीच म्हणणार, हे त्याने धरून चालल्यासारखं होतं. कोयता त्याने कमरेला खोचला.

"उतर खाली," सखू डोळे पुसून म्हणाली. "आन् कोयता दे."

"आये, ऱ्हाऊ दे मग. काय तरी मार्ग काढू. पत्रं वाईच वर घेऊ."

"कायबी ऱ्हाऊ द्यायचं न्हाई. माजी हौस व्हती ना? फिटली. लई फिटली." ती भिवाजीकडे वळली. "शब्द माज्यापाई दिला व्हता ना, भावजी? मग मीच सोडते तो. त्यास्नी काय सांगायचं ते मी सांगीन."

भिवाजीने मान हलवली.

सखूने मुळापाशी उकिडवं बसून खोडावरून एकदा हात फिरवला आणि घाव घातला. पहिले दोन-तीन उसळले, मग कोयता लाकडात बसू लागला. सुरज मदतीला आला, तर तिने कोपराने त्याला मागे सारलं. खोड सुटल्यावर मात्र ती बाजूला झाली, आणि बापुड्या काका-पुतण्यांना वेल ओढताना दिवस पुरेना. संध्याकाळपर्यंत रस्त्यापलीकडे पुरुषभर उंच ढीग झाला. घर उघडं पडलं. इतकं लहान घर आपलं, असं सखूला वाटलं. तिने शीतलला फोन लावून सांगितलं, "पत्रं बसलं की सुरज न्यायला येतोय. पोरगीला घेऊन ये."

"ढीग उद्या वाळला की पेटवतो," भिवाजीला वाटेला लावून आल्यावर सुरज म्हणाला.

"बघू उद्याचं उद्या."

दिवस मावळला. मूळ तुटल्याची वार्ता कळ्यांपर्यंत अजून पोचली नव्हती. रोजच्या वेळेला त्या ढिगाऱ्यातच उमलू लागल्या, पांढऱ्याशुभ्र, घोसच्या घोस, आणि वास पार दारापर्यंत आला. सखू पायरीवरून उठली, रस्ता ओलांडून ढिगापाशी गेली.

आत सुरजने ताटं घेतली होती. त्याने दारातून हाक दिली, "आये, जेवायला चल."

"तू जेव," ती म्हणाली. "मी बसते जरा तुज्या बापापाशी."

आणि पदर सावरून तिने तिथेच मातीत मांडी घातली.