बाबांची पॉइंट टू-टू

रविवारी सकाळी बाबांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि रायफल साफ करायला घेतली. छोट्या काडतुसाची, पॉइंट टू-टू. मोजणी खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस तीस वर्षं नेमबाजीच्या क्लबात तिनेच नेम धरत आला होता. त्यांनी बोल्ट मागे ओढला आणि एक जिवंत काडतूस टुणकन टेबलावर पडलं.

"हे कुणी ठेवलं?" बाबांनी विचारलं.

घरात ते आणि मुलगी, दोघंच राहत होती. तिने काडतूस उचलून बाजूला ठेवलं. बाबा मागच्या बाजूने गज घालून चिंधी फिरवू लागले. "पुढून घातला की नळीचं तोंड झिजतं," ते शंभराव्यांदा म्हणाले. हात अजून चुकत नव्हते. डोकं मात्र दगा देत होतं. महिन्यात दोनदा गॅस चालू ठेवून ते फिरायला गेले होते.

सोमवारी कामावर, चष्म्याच्या दुकानात, तिने एकाच गिऱ्हाइकाची काच दोनदा चुकीची कापली.

"ताई, तुमचा जीव थाऱ्यावर नाही," मालक म्हणाले. "घरी जा."

घरी कपाट सताड उघडं. रायफल नाही, बाबाही नाहीत. क्लबात फोन केला, तिथे नव्हते. गल्ली, बाग, बसथांबा पालथा घालत ती शेवटी बंदुकांच्या दुकानाशी पोचली. बाबा आत स्टुलावर बसले होते.

"सकाळपासून तिसरी खेप," दुकानदार हळूच म्हणाला. "दोनदा आले, कशाला आलो ते विसरून तसेच परत गेले."

बाबांनी तळहात पुढे केला. त्यावर शाईने लिहिलं होतं: रायफल जमा करणे.

"उद्या मी तुझ्यावरच ओरडेन, चोर म्हणेन," ते म्हणाले. "म्हणून हे ठेव." 'रायफल मीच दुकानात ठेवायला दिली' अशी सहीची चिठ्ठी त्यांनी तिच्या हातात दिली.

उद्यापर्यंतही थांबावं लागलं नाही. संध्याकाळीच त्यांनी घर डोक्यावर घेतलं. तिने चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले, आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागले. "पण तिथे तेल कोण लावणार? गंज चढेल."

"रविवारी दोघं जाऊ. मला शिकवा."

"मागून गज घालायचा," बाबा म्हणाले. येरझाऱ्या काही थांबल्या नाहीत.